सहा तासांची ओहोटी आणि पाच मिनिटांची

कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाची वेळ पुजारी ठरवत नाहीत, समुद्र ठरवतो. बडोद्याहून पादरा, जंबुसर करत पाऊणशे किलोमीटर जायचं, तेही भरती-ओहोटीची वेळ बघून; नाहीतर देव पाण्याखाली आणि आपण कठड्याशी हात जोडून उभे. अशाच एका ओहोटीच्या रांगेत दांडिया बाजारातलं एक मराठी कुटुंब होतं. पायाखाली बुळबुळीत फरशी, अभिषेकाच्या दुधाचा आंबूस वास आणि त्यात उन्हाने तापायला लागलेल्या खाऱ्या गाळाचा वास मिसळलेला. चौथी-पाचवीतला मुलगा आजीच्या पिशवीचा बंद धरून उभा होता आणि गाभाऱ्याकडे सोडून समुद्राकडे पाहत होता. समुद्र म्हणजे लांबवर एक करडी रेघ. मधे नजर पोचेल तिथवर चकाकता चिखल. "आजी, समुद्र इतका मागे गेला की उंचावर पळायचं असतं. टीचरने त्सुनामीच्या धड्यात सांगितलंय." आजी म्हणाली, "अरे बाळा, इथे रोजच जातो तो. बेल सांडू नकोस." मागेपुढे उभे असलेले दोन-चार जण हसले. रांग पुढे सरकली.

मुलगा गप्प बसला, पण त्याचं समाधान झालेलं दिसत नव्हतं, आणि होऊही नये. शाळेत शिकवलेलं खरं होतं आणि आजीचंही खरं होतं. पाणी मागे गेलं की पळा, एवढंच शिकवून सोडलं तर खंभातच्या आखाताकाठी माणूस दिवसातून दोनदा पळेल. आणि रोजच जातं, काही होत नाही, हे अंगात मुरलं तर तोच माणूस अंदमानात हॉटेलसमोर उघड्या पडलेल्या खडकांत शिंपले वेचत बसेल. मला या दुसऱ्या सवयीची भीती जास्त वाटते. समुद्र कोसभर मागे गेलेला बघायची बडोद्याच्या माणसाला सवय आहे, तीही देवाच्या साक्षीने.

आजीचा समुद्र चंद्राच्या हिशेबाने चालतो. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास, पुन्हा चढायला तेवढेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान. कोकणातल्या नातेवाइकांकडे याचं तोंडी गणित असतं: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते; एकादशीला सव्वाआठ. अलिबाग-रत्नागिरीकडे ते बऱ्यापैकी जमतं. तेच कंबोईला लावून निघालात तर फसाल, कारण भरतीला आखाताच्या पोटापर्यंत पोचायला आणखी काही तास लागतात. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. भावनगरच्या बाजूला तेच दहा मीटरच्या घरात जातं. आखात आत आत अरुंद आणि उथळ होत जातं आणि शिरलेल्या पाण्याला वर चढण्याखेरीज वाट उरत नाही. दर्यावर्दी माणसं या सहा तासांचे बारा हिस्से करतात: पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. दहा मीटरचं उधाण धरलं तर मधल्या तासात अडीच मीटर, मिनिटाला चार सेंटिमीटर. ऐकायला फार वाटत नाही. पण कंबोईसारख्या जागी पाचशे पावलं चालावं तेव्हा एक पाऊल उतार लागतो, आणि अशा सपाटीवर चार सेंटिमीटर उंचीचं पाणी मिनिटाला वीस मीटर पुढे सरकतं. गाळात पाय घोट्यापर्यंत रुतलेल्या माणसाला तेवढं पुरतं. सेल्फीसाठी चिखलात आत आत चालत जाणाऱ्यांना गावकरी ओरडून परत बोलावतात ते एवढ्याचसाठी.

या पाण्याची जरब जुनीच आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भरूचच्या बंदरात माल घेऊन येणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की इथे समुद्राचा तळ बघता बघता कोरडा पडतो, जहाजं चिखलावर कलंडतात, आणि भरती येते तेव्हा तिचा आवाज लांबून ऐकू येतो. राजाने म्हणे स्थानिक कोळीच नेमले होते, परक्या जहाजांना वाट दाखवून नदीतून आत आणायला. मला त्यातली कोळी नेमण्याची गोष्ट आवडते. पाण्याचं वेळापत्रक ज्याला पाठ आहे त्याला पगार देऊन ठेवावा, हे त्या राजाला कळलं होतं.

तर त्या मुलाला रांगेतच द्यायला हवं होतं ते उत्तर असं: हा समुद्र किती मागे गेला हे बघू नकोस, किती वेळात गेला ते बघ.

ओहोटीला सहा तास लागतात. त्सुनामीत तेवढंच पाणी पाच-दहा मिनिटांत जातं, भरती-ओहोटीच्या कोष्टकात नसलेल्या वेळी जातं, आणि जाताना आवाज करतं. खडकांतून, वाळूतून ओढ घेतल्यासारखा खळखळाट होतो, नांगरलेल्या होड्या एकदम तळाला टेकतात, मासे तडफडत राहतात. कारण मुळातच वेगळं आहे. वाऱ्याने उठणारी लाट फक्त वरच्या थरात असते. वादळातही शे-दोनशे मीटर खाली गेलं की समुद्र शांत असतो. त्सुनामीत तळच हलतो. एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकत असतो, मधे अडकून शतकानुशतकं ताण साठतो, आणि सुटतो तेव्हा वरची कडा झटक्याने उसळते. पाण्याने भरलेली परात खालून उचलावी तसं वरचं सगळं पाणी, तळापासून पृष्ठभागापर्यंत, एकदम उचललं जातं. 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी, आपल्या घड्याळाने साडेसहाच्या सुमारास, सुमात्रापासून अंदमानपर्यंत जवळजवळ तेराशे किलोमीटर लांबीची भेग अशी सुटत गेली. चार हजार मीटर खोल समुद्रात अशी लाट ताशी सातशे किलोमीटरने धावते, आणि तरी तिथल्या जहाजाला कळत नाही, कारण उंची मीटरभरही नसते आणि एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंत शे-दोनशे किलोमीटरचं अंतर असतं. किनाऱ्याजवळ खोली कमी होते तसा वेग घटतो. दहा मीटर खोलीत ताशी छत्तीस किलोमीटर. पुढचा भाग मंदावला की मागचा त्यावर चढतो. टीव्हीवर दाखवतात तशी वळणदार, फेसाळ, उंच भिंत क्वचितच येते. बहुतेक ठिकाणी समुद्र नुसता चढतो आणि चढायचा थांबत नाही. साधी लाट दहा-पंधरा सेकंदांत परत फिरते. ही दहा-पंधरा मिनिटं आतच येत राहते. तेवढ्या वेळात ती गल्ल्या भरते, खाडीतून उलटी वर चढते, आणि रिक्षा, लाकडं, पत्रे, सिलिंडर असं सगळं घेऊन फिरते. माणसं नुसती पाण्यात बुडत नाहीत, त्या पत्र्या-लाकडांनी जखमीही होतात.

शाळेतला धडा आणखी एका बाबतीत अपुरा आहे. पाणी आधी मागे जाईलच असं नाही. 2004 मध्ये भेगेच्या पूर्वेला, थायलंडकडे, समुद्र आधी ओसरला, कारण तिकडचा तळ खचला होता. पश्चिमेला, म्हणजे आपल्या आणि श्रीलंकेच्या बाजूला, तळ उचलला गेला होता. इकडे आधी पाणी चढूनच आलं. नंतर दोन लाटांच्या मधे समुद्र ओसरला, आणि तेव्हा पुष्कळ लोक खाली उतरले: कुणी वाहून गेलेल्या जाळ्यांसाठी, कुणी मुलांना शोधायला, कुणी नुसतं बघायला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी होती. म्हणजे ओसरणं ही खूण खरी, पण तिची वाट बघत थांबायचं नाही. दिसली तर पळायचं, नाही दिसली तरी बाकीच्या खुणा पुरेशा आहेत.

इथे बडोदेकराची खरी अडचण सुरू होते. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने त्याला पाण्याबद्दल फार शिकवलंय, आणि शिकलेला माणूस चटकन ऐकत नाही. पावसाळ्यात सकाळच्या चहाबरोबर इथे दोन आकडे विचारले जातात: आजवा किती आणि काळा घोडा किती. धरणाची पातळी आणि पुलाची पातळी यांवरून कुणाच्या सोसायटीत किती वाजता पाणी शिरणार हे घरातली आजीसुद्धा सांगते. गाड्या फ्लायओव्हरवर नेऊन लावायच्या, गव्हाची कोठी माळ्यावर, फ्रिज पलंगावर, मीटरचा मेन स्विच बंद. मग गच्चीतून पाणी बघत बसायचं; एखादी मगर कुणाच्या अंगणात आली तर तिचे फोटो काढायचे. 2024 च्या ऑगस्टमध्ये नदी पस्तीस फुटांच्या वर गेली तेव्हा हे सगळं झालं, आणि ज्यांनी वेळेवर केलं त्यांचं सामान वाचलं. पाणी उतरलं की दुसऱ्या दिवशी झाडू, फिनेल, चिखल काढायची माणसं. पुरापुरतं हे शहाणपण चोख आहे.

समुद्रावर त्यातली एकेक गोष्ट घातक ठरते. पुरात सामान उचलायला वेळ असतो. त्सुनामीत सामान उचलण्यात गेलेली पाच मिनिटं हीच तुमच्याकडची सगळी पुंजी असू शकते. पुरात पूल म्हणजे बघायची जागा. खाडीवरचा पूल त्सुनामीत सर्वांत वाईट जागा, कारण लाट खाडीतून आत शिरते आणि वाहून आणलेल्या होड्या त्याच खांबांवर आपटते. पुरात गाडी काढली की सुटका. किनाऱ्यावर सगळ्यांनी गाडी काढली की एकच रस्ता तुंबतो आणि गाडीत बसलेली माणसं गाडीतच सापडतात. गुडघ्याला लागेल इतकं वाहतं पाणी माणसाला सहज आडवं करतं, दोन फूट पाणी मोटार तरंगवतं. आणि पुरात पाणी उतरलं म्हणजे संपलं. त्सुनामीत उतरलेलं पाणी वीस मिनिटांनी, चाळीस मिनिटांनी, कधी तासाने पुन्हा येतं, आणि हे येणं-जाणं आठ-दहा तास, कधी दिवसभर चालतं. "उतरलं, चला" हे बडोद्यात पोक्त माणसाचं बोलणं आहे. 2004 मध्ये दोन लाटांच्या मधे किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांचा हाच हिशेब चुकला.

पहिली खूण पाण्याची नसतेच, जमिनीची असते. किनाऱ्यावर असताना उभं राहणं कठीण होईल असा धक्का बसला, किंवा धक्का सौम्य पण मिनिटभर झुलत राहिला, तर तीच सूचना समजायची. वीस सेकंदांपुढे हादरा चालू राहिला की मनातल्या मनात मोजायला लागा. मोठी भेग सुटायला वेळ लागतो, म्हणून लांबलेला हादरा हा मोठ्या भूकंपाचा पुरावा असतो. हादरत असताना खाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरा. थांबल्याबरोबर चालायला लागा. भोंगा, मेसेज, हॉटेलच्या मॅनेजरची घोषणा यांसाठी थांबू नका. 26 जानेवारी 2001 चा सकाळचा पावणेनऊचा हादरा बडोद्यात चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आठवतो. तेव्हा त्सुनामी आली नाही कारण केंद्र कच्छच्या जमिनीत होतं. समुद्राखाली मोठा भूकंप झाला तरी दर वेळी येते असंही नाही: 11 एप्रिल 2012 ला सुमात्राजवळ 8.6 क्षमतेचा भूकंप झाला, पण तिथले खडक आडवे घासले, तळ वर उचलला गेला नाही, आणि लाटा किरकोळ आल्या. चेन्नईत लोक धावले ते उगाच धावले, असं नंतर काही जण म्हणाले. मला तसं वाटत नाही. किनाऱ्यावर उभ्या माणसाला खडक आडवे घासले की उभे, हे कळण्याचा काही मार्ग नसतो. त्याने दर वेळी चालायला लागावं आणि दहातल्या नऊ वेळा पाय दुखवून परत यावं, हाच त्यातला स्वस्त सौदा आहे.

सुमात्राजवळच्या सिमेलू बेटावर 1907 मध्ये मोठी लाट येऊन गेली. तिथल्या लोकांनी ती अंगाईत, गोष्टींत घालून ठेवली: जमीन जोरात हलली आणि समुद्र ओसरला तर लगेच उंचावर जा. 2004 मध्ये लाट तिथे जेमतेम आठ-दहा मिनिटांत पोचली. सत्तर हजारांहून जास्त वस्ती. गेली ती सात माणसं. कुठलंही यंत्र नव्हतं.

जायचं कुठे, हा प्रश्न कोकणात आणि गुजरातेत वेगवेगळा सुटतो. ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीपासून तीस मीटर उंची किंवा किनाऱ्यापासून तीन किलोमीटर आत. दोन्ही जमलं नाही तर जेवढं जमेल तेवढं, कारण प्रत्येक मीटर कामाचा. हरिहरेश्वर, गणपतीपुळे, वेळणेश्वर इथे बहुतेक ठिकाणी गावाच्या पाठीशीच डोंगर किंवा सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, असतो. पाच-दहा मिनिटांच्या चढात माणूस सुरक्षित उंचीवर पोचतो, फक्त खाडीकडेच्या रस्त्याने न जाता पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, जायला हवं. वलसाडजवळच्या तिथलपासून द्वारकेपर्यंत आपला गुजरातचा किनारा बऱ्याच अंशी सपाट. तिथे उंची इमारतीतच शोधावी लागते. आरसीसीची, किनाऱ्यापासून दोन-तीन ओळी मागे असलेली, तिसरा मजला किंवा त्याहून वर. विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलेलं घर चालत नाही. आपल्याकडे सगळ्या बिल्डिंगा हॉलो प्लिंथच्या, म्हणजे खाली खांब आणि पार्किंग. पाणी खालून निघून जातं हा त्याचा फायदा, पण 2001 मध्ये अहमदाबादेत अशाच कितीतरी इमारती खांबांतून बसल्या. म्हणून चढण्याआधी तळमजल्यावरचे खांब बघा: खांब आणि बीम जिथे मिळतात तिथे तिरप्या भेगा पडल्या असतील, सळया दिसत असतील, तर पुढची इमारत. लिफ्ट नको. गच्चीच्या दाराला कुलूप आहे का हे मात्र आल्या दिवशीच बघून ठेवायचं. बहुतेक हॉटेलांत असतं, आणि किल्ली रात्रपाळीच्या मुलाकडे नसते.

कुटुंबाच्या सहलीत खरा घोळ इथे होतो. आजोबा खोलीत झोपलेले, मुलं वाळूत, वहिनी शॉपिंगला, काका चहाच्या टपरीवर. धक्का बसला की प्रत्येक जण दुसऱ्याला शोधायला निघतो, बहुतेक वेळा किनाऱ्याच्याच दिशेने. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे की अशा वेळी ज्याने त्याने सुटावं, दुसराही सुटत असेल असा विश्वास ठेवून. आपल्याला हे ऐकायला निष्ठुर वाटतं. आईला टाकून पळायचं? पण त्यामागे आधी ठरवलेलं असतं: कोण कुणाला हाताला धरणार आणि भेटायचं कुठे. 11 मार्च 2011 ला कामाइशी शहरातल्या शाळांनी हेच केलं. माध्यमिक शाळेची मुलं सूचनेची वाट न बघता निघाली, त्यांना बघून शेजारच्या प्राथमिक शाळेची निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले, ठरलेल्या जागी पोचल्यावर ती जागाही पुरेशी वाटेना म्हणून आणखी वर गेली. वाचली. त्याच दिवशी ओकावाच्या प्राथमिक शाळेत हादरा थांबल्यावर मुलांना पटांगणात बसवलं, हजेरी घेतली, कुठे जायचं यावर मोठ्यांची चर्चा झाली. मागे टेकडी होती. जवळजवळ पन्नास मिनिटं गेली. 74 मुलं गेली.

ओकावाचं वाचताना शिक्षकांचा राग येत नाही, हेच जास्त जड जातं. नियमाप्रमाणे नीट वागणारी माणसं होती ती. मुलं मोजून घ्यायची, पालक आले तर सोपवायची, उंच झाडं पडतील म्हणून टेकडी टाळायची. आपणही तेच केलं असतं.

सूचना देणारी यंत्रणा आता आपल्याकडे आहे आणि चांगली आहे. हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या राष्ट्रीय केंद्रात, 2007 पासून त्सुनामी केंद्र चालू आहे. भूकंपमापकांवरून दहा मिनिटांच्या आसपास पहिलं पत्रक निघतं, मग खोल समुद्राच्या तळावर ठेवलेली दाबमापकं आणि बंदरांतले भरतीमापक खरंच लाट उठली का ते सांगतात. पाच-सहा किलोमीटर पाण्याखाली बसवलेलं यंत्र वर सेंटिमीटरभर पाणी चढलं तरी ओळखतं, हे मला अजूनही अचंब्याचं वाटतं. पत्रकात तीन पायऱ्या असतात. वॉच म्हणजे लक्ष ठेवा, अजून हलायचं कारण नाही. अलर्ट म्हणजे किनारा आणि सखल भाग सोडा, पाण्यात उतरू नका. वॉर्निंग म्हणजे आत आणि वर निघा. लांबच्या भूकंपासाठी हे उत्तम. 2004 मध्ये लाट चेन्नईला पोचायला सुमारे अडीच तास लागले. त्या अडीच तासांत कुणी कुणाला सांगितलं नाही, आज सांगतील. पण भेग जवळ असेल तर यंत्रणेच्या आधी पाणी येतं. 28 सप्टेंबर 2018 ला इंडोनेशियात पालूच्या खाडीत हादऱ्यानंतर काही मिनिटांतच लाट शिरली. वीज गेली होती, फोन बंद होते, भोंगे वाजले नाहीत. त्याच वर्षी 22 डिसेंबरच्या रात्री अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा एक उतार समुद्रात कोसळला आणि जमीन जाणवण्याइतकी हललीच नाही. चारशेहून जास्त माणसं गेली. तिथे मदतीला आले असते ते फक्त डोळे आणि कान: समुद्राचं अवेळी चढणं-उतरणं, आणि लांबून येणारा आवाज.

गुजरातच्या दृष्टीने लक्षात ठेवायची जागा म्हणजे मकरान, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतची भेग. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे तिथे 8.1 चा भूकंप झाला. साडेतीनच्या सुमारास जमीन हलली, सकाळी आठच्या सुमारास लाट मुंबईत होती. तिथेही माणसं बुडाली. कच्छ-द्वारकेला त्याहून कमी वेळ मिळतो, पण मिळतो. खंभातच्या आखातात अशी लाट उथळ तळाला घासून बरीचशी थकून येईल, आणि इथे तिचं खरं भांडण भरतीशी असेल: दोन मीटरची लाट भांगाच्या ओहोटीवर आली तर चिखलातच विरून जाईल, उधाणाच्या भरतीवर आली तर तिची उंची भरतीच्या उंचीवर चढेल. म्हणून कंबोईला, दहेजला किंवा घोघ्याच्या धक्क्यावर असताना सूचना आलीच तर भरतीची वेळ विचारण्यात शहाणपण आहे, पण ती वर जाऊन विचारा.

पाण्यात सापडलंच तर पोहण्याचा प्रयत्न व्यर्थ. तरंगणारं काहीतरी, दार, पिंप, गादी, घट्ट धरायचं आणि पाय पुढे ठेवायचे, म्हणजे आपटलं तर पाय आपटतील, डोकं नाही. मच्छीमार आधीच समुद्रात असेल तर त्याने बंदराकडे न येता शंभर मीटर खोलीच्या पलीकडे जाऊन थांबावं, अधिकृत निरोप येईपर्यंत. होडी धक्क्याला बांधलेली असेल आणि हादरा जवळचा असेल, तर होडी सोडून द्यावी. हे लिहायला सोपं आहे. ज्याचं सगळं कर्ज त्या होडीत आहे त्याला सांगणं कठीण, आणि सुरक्षेच्या पत्रकांत कर्जाचा उल्लेख नसतो.

ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना 2020 मध्ये युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाकडून त्सुनामीसाठी सज्ज म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी गावाला धोक्याचा नकाशा, वर जाण्याचे रस्ते दाखवणारे फलक, सूचना मिळण्याचे एकाहून जास्त मार्ग आणि नियमित रंगीत तालीम, एवढं दाखवावं लागतं. यातलं बहुतेक सगळं एका कुटुंबाला एका सहलीपुरतं करता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्यातून अंदमानला, दीवला, कोकणात ढिगाने माणसं जातात. टूरवाल्यांच्या यादीत आधार कार्ड, सनस्क्रीन, उलटीची गोळी, उपासाची सोय सगळं असतं. त्याच कागदावर पेनने एवढं वाढवावं: पहिल्या संध्याकाळी खोलीपासून उंच जागेपर्यंत एकदा चालून बघणे, आजोबांच्या चालीने, आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवणे. अंधारात तोच रस्ता कसा दिसतो ते बघणे. गच्चीची किल्ली कुणाकडे ते विचारणे. आजोबांना कोण आणणार, मुलांना कोण, हे नावानिशी ठरवणे. बाकीच्यांनी शोधत फिरायचं नाही. उशाशी चपला, टॉर्च, पाण्याची एक बाटली आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पुडी, एका पिशवीत. किनाऱ्यावरच्या दुकानदाराला त्या दिवशीची भरतीची वेळ विचारणे. आणि वर गेल्यावर खाली उतरायचं ते प्रशासनाने सांगितल्यावरच, पाणी उतरलेलं दिसलं म्हणून नाही. उतरल्यावरही विहिरीचं पाणी प्यायचं नाही. 2004 नंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या विहिरी कितीतरी महिने खाऱ्याच होत्या.